पगार दिला म्हणजे लेख विकत घेतला का? सोलापूरच्या एका सदराचं प्रकरण

सोलापूरच्या एका दैनिकात सदर लिहिणारे पत्रकार तात्या २०१९ च्या पावसाळ्यात गेले. दिवाळीनंतर माळा झाडताना तीन लोखंडी ट्रंका खाली आल्या. पहिलीत कात्रणं, वर्षावार सुतळीने बांधलेली. दुसरीत हस्तलिखितं आणि कामगारांनी पाठवलेली पत्रं. तिसरीत निगेटिव्हच्या पट्ट्या आणि दोन जुने कॅमेरे. त्यांच्या मुलीने मला बोलावून घेतलं. "मावशी, याचं पुस्तक होईल ना?"

होईल, असं मी लगेच म्हणाले. मी त्याच दैनिकात एकोणीस वर्षं मुद्रितशोधक होते. तात्यांचं मंगळवारचं सदर सोमवारी संध्याकाळी माझ्या टेबलावर यायचं. पूर्व भागातले यंत्रमाग कामगार, विड्या वळणाऱ्या बायका, एकामागून एक थंडावत गेलेल्या गिरण्या, हे त्यांचे विषय. या शहराची जुनी मिल १८७७ ची. भोंग्यावर घड्याळ लावणारं हे गाव. तो भोंगा बंद झाल्यावर घराघरांत नेमकं काय बंद पडलं, हे तात्यांनी जितक्या बारकाईने लिहिलं तितकं दुसऱ्या कुणी लिहिल्याचं मी वाचलेलं नाही. बायकांच्या तोंडची तेलुगू वाक्यं ते देवनागरीत जशीच्या तशी लिहायचे आणि समासात मला सूचना असायची, 'हे दुरुस्त करू नये.'

आम्ही निवड सुरू केली. पुस्तक येणार असल्याचं शहरात कळलं आणि महिन्याभरात दैनिकाच्या कंपनीचं पत्र आलं. दैनिकात प्रसिद्ध झालेला सर्व मजकूर, छायाचित्रं आणि सदराचं नाव कंपनीच्या मालकीचं आहे, परवानगीशिवाय छापल्यास कायदेशीर कारवाई केली जाईल, असं त्यात होतं. तात्यांच्या बायकोने ते पत्र देवघरात ठेवलं आणि दोन दिवस त्या कुणाशी बोलल्या नाहीत. माझा स्वतःचाही समज हाच होता की पगार घेऊन लिहिलेलं ते मालकाचं. वर्तमानपत्रात उमेदीची वर्षं घालवलेल्या बहुतेकांचा हाच समज आहे. तो अर्धाच खरा आहे, आणि उरलेला अर्धा भाग कुणी वाचत नाही, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे.

कंपनीचं म्हणणं

पहिली बैठक सात रस्त्याजवळच्या त्यांच्या ऑफिसात झाली. मी, तात्यांची मुलगी आणि आमचे वकील. समोर कंपनीचे व्यवस्थापक. बोलणं सभ्य होतं. त्यांचे मुद्दे तीन. पहिला, "पगार आम्ही दिला ना?" दुसरा, अंकाच्या तळाशी मुद्रक-प्रकाशक म्हणून आमचं नाव छापलेलं आहे. तिसरा, आम्ही हे दैनिक आधीच्या मालकांकडून सगळ्या हक्कांसह विकत घेतलं आहे.

दुसरा मुद्दा वकिलांनी तिथल्या तिथे बाजूला केला. 'हे पत्र अमुक यांनी अमुक ठिकाणी छापून प्रसिद्ध केले' ही ओळ १८६७ च्या मुद्रणालय आणि पुस्तक नोंदणी कायद्यातून आली. उद्या काही आक्षेपार्ह छापलं गेलं तर सरकारने कुणाला धरायचं, एवढ्यासाठी ती आहे. उत्तर कुणी द्यायचं हे तिच्यातून कळतं, मालकी कुणाची हे कळत नाही. आता त्या कायद्याची जागा २०२३ च्या नियतकालिक नोंदणी कायद्याने घेतली आहे, तरी त्या ओळीचा स्वभाव तोच राहिला आहे.

तिसऱ्या मुद्द्यावर आम्ही खरेदीखताचा संबंधित भाग मागितला. दैनिकाचं नाव, यंत्रसामग्री, नावलौकिक आणि 'कॉपीराइट' असे शब्द त्यात होते. पण आधीच्या मालकांकडे मुळात जेवढे हक्क होते तेवढेच ते विकू शकत होते. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? म्हणजे फिरून प्रश्न पहिल्या मुद्द्याशीच आला. पगाराने काय विकत घेतलं?

कलम १७ आणि त्याच्या आधीची शंभर वर्षं

भारताचा कॉपीराइट कायदा १९५७ चा, अमलात आला २१ जानेवारी १९५८ ला. लिहिणारा तोच पहिला मालक, असं कलम १७ चं सुरुवातीचं वाक्य आहे. पुढे अपवाद येतात. नोकरीत केलेलं काम मालकाचं, हा त्यातला सगळ्यांना ठाऊक असलेला अपवाद. पण त्याच्याही आधी, पहिल्याच जागी, वर्तमानपत्रांसाठी वेगळा अपवाद आहे. त्याचा अर्थ असा: वर्तमानपत्राच्या नोकरीत, त्या पत्रात छापण्यासाठी लिहिलेल्या मजकुराचा मालक पत्राचा मालकच, पण फक्त वर्तमानपत्रात, मासिकात किंवा तशा नियतकालिकात छापण्यापुरता. 'बाकी सर्व बाबतींत' पहिला मालक लेखक. वेगळा करार झाला असेल तर गोष्ट निराळी.

बाकी सर्व बाबतींत म्हणजे पुस्तक, अनुवाद, नाटक, चित्रपट. शिंप्याला किंवा कारखान्यातल्या आरेखकाला कायद्याने असं काही दिलेलं नाही. पत्रकाराला दिलं. का, याचं उत्तर मला इतिहासात सापडलं.

इंग्लंडचा १८४२ चा कॉपीराइट कायदा झाला तेव्हा तिथे नियतकालिकांचा बहर होता. लेखकाला मानधन देऊन निबंध लिहून घेतले जायचे. त्या कायद्याने नियतकालिकाच्या मालकाला हक्क दिला, पण निबंध वेगळा काढून छापायला लेखकाची संमती लागेल असं घातलं आणि २८ वर्षांनी तो स्वतंत्रपणे छापण्याचा हक्क लेखकाकडे परत जाईल असंही ठरवलं. एकाच कागदावरच्या शब्दांचे दोन वाटे करता येतात, हा विचार तिथे पक्का झाला. १९११ च्या ब्रिटिश कायद्यात तो नोकरीतल्या लेखकापर्यंत पोहोचला: नियतकालिकासाठी लिहिलेला मजकूर नियतकालिकाबाहेर छापायला मज्जाव करण्याचा हक्क लेखकाकडे राखून ठेवला गेला. १९१४ च्या कायद्याने तीच तरतूद हिंदुस्थानला लागू झाली आणि १९५७ मध्ये आपण ती अधिक स्पष्ट शब्दांत लिहिली. ब्रिटनने १९८८ च्या नव्या कायद्यात ही सवलत काढून टाकली, तिथे आता नोकरीतलं सगळं मालकाचं. आपल्याकडे ती अजून जिवंत आहे. मला ही फार मोठी गोष्ट वाटते. या देशातल्या जिल्हा पातळीवरच्या शेकडो पत्रकारांचं पुस्तक त्यांच्या मुलांच्या हातात आहे आणि ते त्यांना माहीत नाही.

मराठीत याचं भान कायद्याच्याही आधी होतं, असं मला आगरकरांकडे पाहून वाटतं. ते केसरीचे पहिले संपादक. मतभेद वाढले तेव्हा १८८७ मध्ये ते बाहेर पडले आणि पुढच्या वर्षी 'सुधारक' काढला. पत्र मागे राहिलं, लेखणी त्यांच्याबरोबर गेली.

गठ्ठे

कायदा कळला म्हणजे प्रकरण सुटत नाही. वकिलांनी सांगितलं, "ट्रंकेतला प्रत्येक कागद कधीचा आणि कोणत्या नात्याने लिहिलेला, ते लावा." त्यासाठी आम्हाला चार महिने लागले. ते काम तात्यांच्या घरी ओसरीवर चालायचं, दुपारी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खाऊन पुन्हा तिथेच.

पहिला गठ्ठा १९७९ ते १९८४. तेव्हा तात्या तालुक्याच्या गावी वार्ताहर होते. नेमणूकपत्र नाही, हजेरी नाही, छापून आलेल्या मजकुराची कॉलमच्या लांबीवर मोजणी व्हायची आणि महिन्याला मनिऑर्डर यायची. ही नोकरी नव्हेच. इथे मालकाचा अपवाद लागूच होत नाही, सगळे हक्क लेखकाचे. हक्क कंपनीला द्यायचे असते तर कलम १९ प्रमाणे लेखी आणि सहीनिशी करार लागला असता. तसा कागद कंपनीकडे नव्हता. अमेरिकेत २००१ मध्ये 'टासिनी' खटल्यात अशाच मुक्त पत्रकारांच्या बाजूने निकाल लागला होता. न्यूयॉर्क टाइम्सने त्यांचे लेख न विचारता संगणकीय संग्रहात टाकले होते, सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी ते बेकायदा ठरवलं. छापायला दिलं म्हणजे कायमचं देऊन टाकलं असं होत नाही.

दुसरा गठ्ठा १९८४ ते २००४, नोकरीचा. नेमणूकपत्र सापडलं. टंकलेखित दोन पानं, पगार, रजा, बदली. कॉपीराइटचा शब्दही नाही. म्हणून कलम १७ जसंच्या तसं लागू. दैनिकात पुन्हा छापायचा हक्क कंपनीचा, पुस्तकाचा हक्क तात्यांचा आणि त्यांच्या पश्चात घरच्यांचा. तोही २०७९ च्या अखेरपर्यंत, कारण हक्काची मुदत लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं.

तिसरा गठ्ठा २००४ नंतरच्या सात वर्षांचा, आणि इथे आमचा घास अडकला. दैनिक विकलं गेल्यावर नव्या कंपनीने सगळ्यांकडून एक इंग्रजी फॉर्म भरून घेतला होता. त्यात एक कलम होतं: नोकरीच्या काळात लिहिलेल्या सर्व मजकुराचे सर्व प्रकारचे हक्क कंपनीकडे. खाली तात्यांची सही, ओळखीची, थोडी उजवीकडे झुकलेली. मलाही तो फॉर्म आठवला. पगाराच्या दिवशी रांगेत उभं राहून आम्ही सह्या केल्या होत्या. काय आहे हे कुणी समजावून सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. पण कायद्याच्या दृष्टीने तो 'वेगळा करार' होता. त्या सात वर्षांतले लेख, म्हणजे तात्यांचं सगळ्यांत पिकलेलं लिखाण, कंपनीच्या परवानगीशिवाय घेता येणार नव्हतं. तात्यांच्या मुलीला हे सांगणं मला फार जड गेलं.

बिननावाच्या बातम्यांचा वेगळाच त्रास. 'आमच्या प्रतिनिधीकडून' एवढंच वर. नाव न छापल्याने लेखकपण जात नाही, पण नाव छापलेलं असेल तर कायदा ते गृहीत धरतो, नसेल तर सिद्ध करावं लागतं. हस्तलिखित सापडलं त्याच बातम्या आम्ही घेतल्या. काहींवर माझ्या हातच्या दुरुस्तीच्या खुणा होत्या. टेलिप्रिंटरवरून आलेल्या पीटीआय वृत्तसंस्थेच्या मजकुरावर तात्यांनी मथळा आणि दोन ओळी जोडलेली कात्रणं चटकन बाजूला काढली, ती त्यांची नव्हती.

कामगार सभांचे वृत्तान्त मात्र ठेवले. भाषण वक्त्याचं, मग वृत्तान्त कुणाचा? हा प्रश्न १९०० मध्ये ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयापुढे, आला होता. माजी पंतप्रधान लॉर्ड रोझबेरी यांची भाषणं लंडनच्या टाइम्सच्या बातमीदारांनी लघुलिपीत घेऊन छापली, एका प्रकाशकाने त्यांचंच पुस्तक काढलं. ऐकून, उतरवून, वाक्यं लावण्यात बातमीदाराचं कसब आहे, म्हणून त्या वृत्तान्तावर हक्क आहे, असा निकाल झाला. तात्यांचे वृत्तान्त तर शब्दशः नव्हतेच. सभेत मागे उभ्या असलेल्या बायका कोणत्या वाक्याला हसल्या हेही त्यात असायचं.

छायाचित्रांचं थोडक्यात सांगते. गड्ड्याच्या यात्रेचे नंदीध्वज, सिद्धेश्वर तलाव, सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या रोलवर काढलेले मागांचे फोटो नोकरीचा भाग नव्हते, ते तात्यांचे. अंकासाठी काढलेले फोटो लेखांच्याच नियमाने गेले. सदराच्या नावावर कंपनीने फार ताणलं नाही, कारण नुसत्या शीर्षकावर कॉपीराइट नसतो हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितलेलं आहे. ट्रेडमार्कचा वाद नको म्हणून आम्हीच पुस्तकाला दुसरं नाव दिलं.

बातमी कुणाची

दुसऱ्या बैठकीत व्यवस्थापक म्हणाले, "पण ताई, बातम्या तर आमच्याच ना? गिरणी बंद झाल्याची बातमी आम्हीच आधी दिली." हा गैरसमज जुना आहे आणि मोठमोठ्यांना झालेला आहे. लेखकांच्या हक्कांबद्दलच्या १८८६ च्या आंतरराष्ट्रीय बर्न करारातच वर्तमानपत्री लेख, मनाई केलेली नसेल तर, दुसऱ्या पत्राने घ्यायला मोकळीक होती, आणि दिवसाच्या बातम्यांना संरक्षण नको ही भूमिका त्या करारात आजही आहे. आपल्या पत्रांत 'साभार' हा शब्द किती सहज वापरला जायचा ते जुने अंक चाळणाऱ्याला माहीत आहे. आपल्या कायद्याचं कलम ५२ आजही चालू राजकीय, सामाजिक, आर्थिक विषयावरचा लेख, लेखकाने हक्क राखून ठेवल्याचं स्पष्ट सांगितलं नसेल तर, दुसऱ्या नियतकालिकाला छापू देतं.

पहिल्या महायुद्धात अमेरिकन वृत्तपत्रमालक हर्स्टच्या वृत्तसंस्थेला ब्रिटन-फ्रान्सने तारा वापरायला बंदी केली, तेव्हा तिने असोसिएटेड प्रेस या स्पर्धक संस्थेच्या बातम्या फलकांवरून आणि पहाटेच्या आवृत्त्यांतून उचलून स्वतःच्या ग्राहकांना पुरवल्या. १९१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की घटना कुणाच्याच मालकीची नसते, पण ताज्या बातमीला स्पर्धकापुरती मालमत्तेसारखी वागणूक मिळेल. न्यायमूर्ती ब्रँडाइस यांनी विरोधी मत लिहिलं. भारतात क्रिकेटचा स्कोअर एसएमएसने पाठवण्याच्या वादात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०१३ मध्ये हा 'ताज्या बातमीचा हक्क' मान्य केला नाही. मग गिरणी बंद पडल्याच्या घटनेवर कंपनीचा हक्क कुठला, आणि तात्यांचा तरी कुठला? हक्क होता तो फक्त सांगण्यावर. भोंगा वाजला नाही त्या सकाळी एक म्हातारा डबा घेऊन फाटकापर्यंत गेला आणि परत आला, हे वाक्य तात्यांचं.

पत्रं

सगळ्यांत अवघड गोष्ट कंपनीशी वादातली नव्हतीच. ट्रंकेत कामगारांची साठेक पत्रं होती. त्यातली काही तात्यांनी सदरात पूर्ण छापली होती. पत्राचा कागद ज्याला आला त्याचा, पण मजकूर लिहिणाऱ्याचा, हे मला वकिलांनी सांगितलं तेव्हा मी थोडी वरमले. कंपनी आमच्याशी जसं वागली तसंच आम्ही या माणसांशी वागायला निघालो होतो. त्यांनी पत्र सदरासाठी पाठवलं होतं, पुस्तकासाठी नाही.

तात्यांची मुलगी आणि मी पूर्व भागात घरोघर फिरलो. पत्त्यावरची घरं पडली होती, माग सुरत-भिवंडीकडे गेले होते, काही नावांची माणसंच राहिली नव्हती. अकरा घरं सापडली. नऊ जणांनी लिहून दिलं. एका बाईंनी नाही म्हटलं. नवऱ्याच्या कर्जाचा उल्लेख त्यात होता आणि नातवंडांना तो कळू नये असं त्यांना वाटत होतं. ते पत्र आम्ही काढलं. एका घरी तिसऱ्यांदा या म्हणाले, आम्ही गेलो, तरी उत्तर मिळालं नाही. बाकीच्या पत्रांचा आशय तात्यांच्या शब्दांत जितका सदरात आला होता, तितकाच ठेवला.

तडजोड

कंपनीला आम्ही लेखी उत्तर दिलं, गठ्ठ्यांची यादी जोडून. पहिल्या दोन गठ्ठ्यांवर आमचा हक्क कोणत्या कलमाने, हे त्यात मांडलं. तिसऱ्या गठ्ठ्यासाठी परवानगी मागितली, स्पष्टपणे मागितली. आमच्या वकिलांचा हा सल्ला मला आजही योग्य वाटतो. जे आपलं नाही ते मान्य केलं की जे आपलं आहे त्यावर समोरचा वाद कमी घालतो.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. पहिल्या दोन गठ्ठ्यांबद्दल 'आमची हरकत नाही' एवढंच वाक्य. तिसऱ्यातल्या बावीस लेखांना परवानगी, प्रत्येक लेखाखाली प्रथम प्रसिद्धीचा उल्लेख आणि पुस्तकाच्या पंचवीस प्रती. करारात मुदत घातलेली नव्हती. मुदत लिहिली नाही तर कायदा अनेकदा पाच वर्षं धरतो आणि पुढे कुणाला आठवत नाही, म्हणून आम्हीच ती लिहून घेतली.

दैनिकाच्या वेबसाइटवर तात्यांचे जुने लेख आहेत, त्यावर मात्र एकमत झालं नाही. वेबसाइट 'तशा नियतकालिकात' मोडते असं कंपनी म्हणते. १९५७ साली हे शब्द लिहिणाऱ्यांसमोर छापील कागदच होता, असं आमचं म्हणणं. काही लेखांवरून तात्यांचं नाव गळलं होतं. कलम ५७ प्रमाणे नाव लावून घेण्याचा हक्क लेखकाचा, आणि तो हक्क विकूनही जात नाही. एवढ्यावर कंपनीने लगेच दुरुस्ती केली. बाकीचा प्रश्न तसाच आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये एएनआय वृत्तसंस्थेने आपल्या बातम्या न विचारता वापरल्याबद्दल, चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयवर दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला, तेव्हा तात्यांच्या मुलीने मला फोन करून विचारलं, "मावशी, बाबांचे वेबसाइटवरचे लेखही त्या यंत्राने वाचले असतील का?" वाचले असतील तर परवानगी द्यायला अधिकार कुणाला होता, कंपनीला की तिला, हे आमच्या यादीतल्या कुठल्याच गठ्ठ्यात बसत नाही.

पुस्तक मार्च २०२३ मध्ये आलं. प्रकाशन चार हुतात्मा पुतळ्याजवळच्या एका छोट्या सभागृहात केलं, कारण दर १२ जानेवारीला, त्यांच्या फाशीच्या दिवशी, तात्या त्या चौघांवर एक चौकट लिहायचे. चौघांपैकी कुर्बान हुसेन याच शहरात 'गझनफर' नावाचं पत्र चालवायचे, हे त्यांना लोकांच्या लक्षात ठेवायचं होतं. ती चौकट पुस्तकात घेतली आहे, पहिल्या गठ्ठ्यातली, १९८१ ची.

हक्कांच्या पानावर तीन ओळी आहेत: लेखांचे हक्क तात्यांच्या पत्नीकडे, पत्रांचे हक्क त्या-त्या लिहिणाऱ्यांकडे, बावीस लेख दैनिकाच्या परवानगीने. पहिली प्रत तात्यांच्या बायकोने हातात घेतली आणि ते पानच आधी उघडलं. मार्च २०२८ मध्ये बावीस लेखांची मुदत संपते. त्याआधी सहा महिने पत्र टाकायचं, हे तात्यांच्या मुलीने ट्रंकेच्या झाकणावर आतून खडूने लिहून ठेवलं आहे.